अंदमान की मॉरिशस : एक बेट बोटीच्या वेळेवर, दुसरं गाडीच्या चाकावर

दादाची सत्तरी डिसेंबरात आहे. भाचीचा फोन आला, "आत्या, तू दोन्हीकडे जाऊन आलीयस. एकच सांग, अंदमान की मॉरिशस?" म्हटलं, एका शब्दात सांगितलं तर पुढचं वर्षभर तुमची बोलणी खाईन. माणसं सहा. दादा, ज्याचा उजवा गुडघा जिना दिसला की कुरकुरायला लागतो. वहिनी पक्की शाकाहारी. भाची, जावई आणि अकरा नि सहा वर्षांची दोन पोरं. हाताशी दिवस आठ. तिला फोनवर तीन हप्त्यांत जे सांगितलं, ते इथे सलग लिहून काढतेय.

जाहिरातींवरून काही ठरणार नाही. दोन्हीकडच्या फोटोत तेच निळं पाणी, तीच पांढरी वाळू आणि तेच वाकलेलं माडाचं झाड. खरा फरक फोटोत दिसत नाही. अंदमानात तुमचा दिवस बोट ठरवते. मॉरिशसमध्ये तुमचा दिवस तुम्ही आणि तुमचा ड्रायव्हर ठरवता. बाकी सगळे फरक यातून निघतात.

दिवस कसा जातो

अंदमानात उतरायचं पोर्ट ब्लेअरला. सप्टेंबर २०२४ पासून त्याचं अधिकृत नाव श्री विजयपुरम. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस आयलंडचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. हे आधी सांगते, कारण तिकिटावर एक नाव असतं आणि लोकांच्या तोंडी दुसरं. जावईबापू बुकिंग करताना गोंधळले, की भलत्याच बेटाचं हॉटेल घेऊन बसतील.

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी वेगवान बोटीने दीड-दोन तास, सरकारी बोटीने त्याहून जास्त. हॅवलॉक ते नील तासाभराच्या आत-बाहेर. ऐकायला सोपं आहे. पण बोट सकाळी असेल तर हॉटेल सोडायचं पहाटे, धक्क्यावर सामान तपासून घ्यायचं, रांगेत बसायचं, आणि समुद्र खवळलेला असेल तर अर्ध्या बोटीने कागदी पिशवी तोंडाशी धरलेली. म्हणजे ज्या दिवशी बेट बदलायचं, तो अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. आमची परतीची बोट हवेमुळे रद्द झाली. पैसे परत मिळाले, पण ते महिनाभराने. आणि नीलवरची ती जादाची रात्र आम्ही एका खाणावळीच्या माडीवर काढली. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते: परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच असा. हॅवलॉकहून सकाळी निघून दुपारचं विमान गाठायचा हिशेब करू नका.

आणखी एक गोष्ट सहलीच्या कार्यक्रमात कोणी लिहीत नाही. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे हिवाळ्यात पहाटे पाचलाच फटफटतं आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य गुल. जेवून, वामकुक्षी काढून चार वाजता समुद्रावर जाऊ म्हणणाऱ्या पुणेकरांचं तिथे कठीण आहे. पोरांना साडेपाचला उठवलं तरच अंदमान पदरात पडतं.

मॉरिशस उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम ४५. एकाच ठिकाणी सात रात्री मुक्काम करा, बॅग एकदाच उघडा. बेटाचं कुठलंही टोक तास-दीड तासावर. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून. राजधानी पोर्ट लुईला ऑफिसच्या वेळी कोंडी होते, तेवढं सांभाळायचं. गुडघेवाल्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे. दादा गाडीत बसेल, उतरेल, बघेल, पुन्हा बसेल. अंदमानात त्याला हलत्या बोटीच्या फळीवरून चढउतार करावी लागेल. खलाशी हात देतात, पण हात दिला तरी पाय आपलाच टाकावा लागतो.

समुद्र

इथे मी अंदमानला सरळ वरचढ ठरवते.

हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याला २०२० मध्ये 'ब्लू फ्लॅग' हे स्वच्छ किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं, पण मला भावलं ते वाळूच्या मागचं जंगल. आपल्याकडे किनाऱ्याला लागून नारळी, मग वाडी, मग रस्ता. तिथे वाळू संपते आणि थेट उंच, सरळसोट, बुंध्याला फळकुटांसारखी मुळं फुटलेली झाडं सुरू होतात. अंदमान-निकोबारची ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन अजून जंगलाखाली आहे, आणि ते राधानगरला उभं राहिलं की आकडा न वाचताही कळतं.

नील हे छोटं बेट मला हॅवलॉकपेक्षा आवडलं. लक्ष्मणपूरला खडकाची नैसर्गिक कमान आहे, पण ती ओहोटीलाच बघायची. भरतीला गेलात तर कमान दुरून बघून परत. ओहोटीला मात्र खडकांतल्या डबक्यांमध्ये समुद्रकाकड्या, तारामासे, इवलेसे निळे मासे असं सगळं पायाशी मांडलेलं असतं. आमच्याबरोबरचा गाइड दहावीतला पोरगा होता. त्याने एका डबक्याशी सगळ्यांना उकिडवं बसवलं आणि "हाथ मत लगाना, सिर्फ देखना" म्हणत पाच मिनिटं गप्प ठेवलं. पाच मिनिटांनी जे दगड वाटत होते, त्यातले दोन चालायला लागले.

प्रवाळ बघायचं तर वंडूरचं सागरी राष्ट्रीय उद्यान. तिथल्या जॉली बॉय बेटावर प्लास्टिक न्यायला बंदी आहे आणि ते वर्षातले काही महिनेच उघडतं. बाकीच्या काळात रेडस्किन बेटावर नेतात. २०१० मध्ये पाणी तापून अंदमानातलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं, त्यामुळे रंगीबेरंगी माहितीपटाची अपेक्षा ठेवून डोकं पाण्यात घालू नका. मासे मात्र भरपूर. आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात खरोखर आहेत. 'पोहू नये' अशी पाटी जिथे असेल, तिथे पाटीशी वाद घालायचा नाही.

मॉरिशसच्या समुद्राचा गुण वेगळा. बेटाला जवळजवळ पूर्ण प्रवाळाचं कडं आहे. लाटा दूर त्या कड्यावर फुटतात आणि आत कमरेएवढं शांत, उबदार पाणी राहतं. सहा वर्षांच्या पोराला याहून चांगली जागा नाही. तळाशी प्रवाळाचे तुकडे नि काटेरी समुद्री साळिंदरं असतात, म्हणून रबरी बूट घालायचे. कडं जिथे तुटलंय तिथे, म्हणजे दक्षिणेला ग्रिग्रीला, समुद्र कातळावर आपटतो. तो बघायला जायचं, उतरायला नाही.

मॉरिशसचे किनारे कायद्याने सार्वजनिक आहेत. हॉटेल कितीही पंचतारांकित असो, समोरची वाळू त्याच्या मालकीची नसते. रविवारी फ्लिक आँ फ्लाकला जा. तिथल्या झाडांना 'फिलाओ' म्हणतात. जवळ गेलात तर ते आपलं सुरूचं बन. घटकाभर रेवदंड्याला आल्यासारखं वाटतं. त्या सावलीत अख्खी कुटुंबं पातेली, चटया, स्पीकर घेऊन दिवसभर पडलेली असतात. संध्याकाळ झाली की कोणीतरी रावान काढतो. बोकडाच्या कातड्याचं मोठं चपटं वाद्य. वाजवण्याआधी शेकोटीवर धरून कातडं ताणून घेतात, अगदी हलगी शेकतात तसं. मग सेगा सुरू होतो. हा गुलामांनी टिकवलेला नाच-गाण्याचा प्रकार; २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत गेला. हॉटेलातला 'सेगा शो' तेवढा टाळा, तो म्हणजे लग्नाच्या हॉलमधली लावणी.

त्या 'पाण्याखालच्या धबधब्या'विषयी भाचीने विचारलंच. ल मॉर्नच्या टोकाशी समुद्र खोल दरीत कोसळतोय असा फोटो सगळीकडे फिरतो. ती वाळू आणि गाळ वाहून जाण्याने झालेली नजरबंदी आहे आणि ती फक्त हेलिकॉप्टरमधून दिसते. किनाऱ्यावर उभं राहिलात तर काहीही दिसत नाही. हेलिकॉप्टरचं भाडं ऐकून दादाची सत्तरी नव्वदीवर जाईल.

जमीन आणि प्राणी

मॉरिशसमध्ये मूळ जंगल दोन टक्केसुद्धा उरलेलं नाही. डच १५९८ मध्ये आले, त्यानंतर शंभरेक वर्षांत डोडो संपला, आबनूस तोडला गेला. मग फ्रेंच आणि ब्रिटिशांनी बेटभर ऊस लावला. आजही गाडीतून जाताना दोन्ही बाजूंना उसच ऊस. कोल्हापूरच्या माणसाने 'एवढ्या लांब येऊन हेच बघायचं का' असं म्हटलं तर चूक नाही. पण जे थोडं उरलं ते त्यांनी ज्या चिकाटीने धरलंय, ते बघण्यासारखं आहे. १९७४ मध्ये मॉरिशस केस्ट्रल हा छोटा ससाणा जंगलात फक्त चार उरला होता. अंडी उचलून, उबवून, पिल्लं वाढवून त्यांनी ती जात परत आणली. ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या राष्ट्रीय उद्यानात नशीब असेल तर तो दिसतो. गुलाबी कबुतर आणि हिरवा एको पोपटही. इल ओ एग्रेत या बेटावर राखलेलं जुनं आबनुसाचं रान आहे आणि त्यात अल्डाब्राची महाकाय कासवं मोकळी फिरतात. अकरा वर्षांच्या पोरीला तिथे न्या आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोर्ट लुईच्या संग्रहालयातला डोडोचा सांगाडा दाखवा. 'नामशेष' हा शब्द तिला कोणी समजावून सांगावा लागणार नाही.

पांपलमूसच्या बागेत परातीएवढ्या, काठ उभे असलेल्या कमळपानांचं तळं आहे, आणि तालिपॉट माड आहेत, जे आयुष्यात एकदाच फुलतात आणि मग मरतात. सपाट वाटा, भरपूर बाकं. दादासाठी उत्तम. शामारेलची सात रंगांची माती बघायला सगळे जातात, तुम्हीही जाल. जागा एका मोठ्या मैदानाएवढी आहे, कठड्याबाहेरून बघायची, वीस मिनिटांत संपते. सकाळी किंवा उतरत्या उन्हात गेलं तर रंग कळतात. टळटळीत दुपारी सगळं विटकरी. वाटेतला धबधबा मला त्या मातीपेक्षा बरा वाटला.

अंदमानचं जंगल याच्या दसपट दांडगं, पण पर्यटकाला ते बाहेरूनच दिसतं. त्यातच बाराटांगचा प्रश्न येतो.

बाराटांगला चुनखडीच्या गुहा आहेत, खारफुटीतून बोटीने जावं लागतं, चिखलाचा छोटा ज्वालामुखी आहे. सगळं ठीक. पण रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर पहाटे गाड्यांचा ताफा जमतो, पोलिसांबरोबर सोडतात. थांबायचं नाही, काच खाली करायची नाही, फोटो काढायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं, तरी तो चालू आहे. नियम कडक आहेत हे खरं. पण ताफ्यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये लोक गुहेसाठी बसलेले नसतात, ते काचेला नाक लावून 'दिसले का, दिसले का' करत असतात. आमच्या गाडीतही तेच झालं आणि मला लाज वाटली. जंगलाच्या कडेला चालणाऱ्या माणसांना प्राणिसंग्रहालयासारखं बघायला मी पुन्हा जाणार नाही. पहाटे तीनला उठून, दिवस घालवून, गुहेपर्यंत दीडेक किलोमीटर उन्हातून चालत जाण्याएवढी ती गुहा मोठीही नाही. दादाला तर अजिबात नेऊ नका. कार्यक्रमात एजंट हा दिवस हमखास घुसवतो. काढायला सांगा आणि तो दिवस नीलला द्या.

दोन तऱ्हेचं काळं पाणी

आता मुख्य गोष्ट. संस्कृती बघायची म्हटली तर मॉरिशस जिंकतं असं सगळे म्हणतात. आणि मराठी माणूस अंदमानला जातो तो एकाच वास्तूसाठी, असंही म्हणतात. दोन्ही खरंच आहे, पण अर्धवट.

सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधलं गेलं. मधल्या मनोऱ्यातून चक्राच्या आऱ्यांसारख्या सात इमारती फुटलेल्या. आज तीनच उभ्या आहेत. सातशेच्या जवळपास कोठड्या, एकेकीची लांबी साडेतेरा फूट, रुंदी साडेसात. रचना अशी, की प्रत्येक इमारतीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे. म्हणजे कोठडीतल्या माणसाला दुसरा कैदी दिसूच नये. हे वाचून माहीत असतं. पण तिथे जाऊन एक गोष्ट अवश्य बघा: दाराची कडी. कडी दाराला नाही. लांब दांडा भिंतीतून बाजूला नेलाय आणि कुलूप एका कोनाड्यात बसवलंय, गजांतून हात कितीही ताणला तरी पोचणार नाही इतकं दूर. मी आत उभी राहून हात बाहेर काढून बघितला. बोटं आणि कुलूप यांत वीतभरापेक्षा जास्त अंतर उरलं. ते कोणीतरी मोजूनमापून ठरवलं असणार.

स्वातंत्र्यवीर सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. जुलै १९११ मध्ये त्यांना इथे आणलं, मे १९२१ मध्ये हलवलं. थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते. खाली कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, ठेवलाय. रोज तीस पौंड खोबरेल काढायचं, नाही काढलं तर शिक्षा. आपली मंडळी थेट त्या कोठडीत जातात, नमस्कार करतात, फोटो काढतात आणि उतरतात. जरा थांबून नावांचे संगमरवरी फलक वाचा. बंगालच्या नावांची यादी सर्वांत लांब आहे, पंजाबची आहे. १९३३ च्या उपोषणात जबरदस्तीने अन्न घालताना मेलेले महावीर सिंग इथलेच कैदी. अर्ध्या तासात उरकायची ही जागा नव्हे. संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम बघायचा तर डासांचं मलम लावून जा. जिने दगडी आणि उभे आहेत, कठडा धरून चढावं लागतं.

समोरच रॉस बेट. ब्रिटिशांचा तिथे थाट होता: चर्च, नाचघर, बेकरी. आज त्या भिंतींना वडा-पिंपळाच्या मुळांनी असं वेटाळलंय की भिंत काढली तरी मुळं उभी राहतील. हरणं आणि मोर माणसांना भीत नाहीत. बॅटरीच्या गाड्या आहेत, त्यामुळे दादाला जमेल. जेल आणि रॉस एकाच दिवशी करा. समोरासमोरच्या या दोन जागा एकमेकींशिवाय अपुऱ्या वाटतात.

पण जेलबाहेरच्या अंदमानची संस्कृती कोणी बघत नाही. नीलवर भरतपूर, सीतापूर, रामनगर, लक्ष्मणपूर. हॅवलॉकवर राधानगर, गोविंदनगर, कृष्णनगर. ही नावं पर्यटन खात्याने दिलेली नाहीत. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं, त्यांच्यासोबत ती आली. नीलच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाया एकमेकींशी बंगालीत बोलतात आणि तुमच्याशी हिंदीत. जन्मठेपेच्या कैद्यांचे वंशज तिथे स्वतःला 'लोकल बॉर्न' म्हणवतात. मायाबंदरकडे ब्रह्मदेशातून आणलेले करेन लोक आहेत. सगळ्यांची मधली भाषा हिंदी. या सगळ्याचं तिकीट नाही, म्हणून ते कुठल्याही यादीत नाही.

मॉरिशसचं काळं पाणी कागदोपत्री राजीखुशीचं. ब्रिटिशांनी गुलामगिरी १८३५ मध्ये बंद केली, पण ऊस तोडायला माणसं हवीच होती. त्याच्या आधीच, २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलास' जहाजातून ३६ गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, उतरले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांवर माणसं हिंदुस्थानातून या बंदरात आली. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट हा त्याचा उंबरठा. २००६ पासून जागतिक वारसास्थळ. दिसायला फार काही नाही. थोड्या दगडी भिंती, पडवी, आणि सोळा पायऱ्या. धक्क्यावरून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. त्या चढून आलेला माणूस पाच वर्षांच्या कराराने बांधला जायचा. आज समोर मोटारींचा हमरस्ता आणि बँकांच्या इमारती आहेत, त्यामुळे बरेच जण बाहेरूनच 'एवढंच?' म्हणून जातात. जाऊ नका. आतलं छोटं संग्रहालय शांतपणे बघा. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदी जपल्यात. तिथले लोक आपल्या पणजोबाचं गाव त्यांतून शोधून काढतात.

बहुतेक माणसं बिहार-भोजपूरची. पण मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली, त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा भागातले आपले लोक होते. म्हणून मॉरिशसमध्ये मराठी समाज वेगळा मोजला जातो. तिथे नुसतं 'हिंदू' म्हटलं की हिंदी-भोजपुरीवाले समजतात. मराठी, तमिळ, तेलुगू यांच्या संस्था निराळ्या. शाळांत मराठी विषय आहे, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी आहे, आणि कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' म्हणून अजून नाचली जाते. आमचा ड्रायव्हर व्हाकोआकडचा. तीन दिवस आमच्याशी हिंदी-इंग्रजीत बोलला, घरी क्रिओल, म्हणजे तिथली बोली. चौथ्या दिवशी आम्ही आपसात मराठीत भांडत असताना हसायला लागला. म्हणाला, सगळं कळत नाही, पण आजी असंच रागवायची. गणपतीची आरती मात्र त्याला शेवटपर्यंत पाठ होती, आणि आमच्या जावेला तिसरं कडवं येत नव्हतं.

गंगा तलावाला सगळेच नेतात: डोंगरावरचं ज्वालामुखीच्या विवरातलं तळं, काठी १०८ फुटी शंकर, जो बडोद्याच्या सूरसागरातल्या मूर्तीवरून केलाय. १९७२ मध्ये त्या तळ्यात गंगेचं पाणी मिसळलं आणि ते गंगा तलाव झालं. महाशिवरात्रीला बेटभरातून लोक पांढरे कपडे घालून, कावडी घेऊन चालत येतात. एरवी ढग खाली उतरलेले असतात आणि बारीक गारवा. वहिनीला शाल न्यायला सांगा. नुसत्या उंचीच्या मूर्तीने मला फारसं हलवलं नाही. पण काठावर एक म्हातारी गृहस्थीण फुलं वाहून क्रिओलमध्ये शंकराशी काहीतरी बोलत होती, बराच वेळ, शेजारणीशी बोलावं तशी. तिथून मला निघवेना.

आणि ल मॉर्नचा डोंगर. पळालेले गुलाम या ५५६ मीटरच्या कड्यावर लपायचे. सुटकेची बातमी घेऊन शिपाई वर येऊ लागले, तेव्हा पकडायला आले असं समजून त्यांनी खाली उड्या घेतल्या, अशी तिथे सांगण्यात येणारी कथा. २००८ पासून तोही वारसास्थळ आहे. वर चढणं जावयाने करावं, पहाटे, वाटाड्या घेऊन. बाकीच्यांनी पायथ्याच्या किनाऱ्यावरून बघावा.

पोटोबा

वहिनीसाठी मॉरिशस निःसंशय. पोर्ट लुईच्या बाजारात 'ढोल पुरी' मिळते: आत वाटलेल्या डाळीची कोरडी भरड भरलेली, लुगड्यासारखी मऊ पोळी. गूळ काढून घेतलेली पुरणपोळी म्हणा. जोडीनेच देतात, त्यात वालासारखी उसळ, टोमॅटोचं रुगाय आणि हिरव्या मिरचीची चटणी, कागदात गुंडाळून. उभ्याने खायची, चटणी कोपरापर्यंत येते. 'गातो पिमाँ' म्हणजे सरळ डाळवडा, तो ते पावात घालून न्याहारीला खातात. 'आलुदा' म्हणजे फालुदा.

अंदमानात मासे खाणाऱ्यांची चैन. शाकाहाऱ्यांना पोर्ट ब्लेअरला डोसा-थाळी सगळं मिळतं. हॅवलॉक-नीलवर पर्याय कमी आणि बेताचे.

पैसे, हवा, कागद

आमच्या दोन्ही सहलींचा हिशेब मांडला तर मॉरिशस माणशी जवळपास दुप्पट पडलं. विमानभाड्यातच बरीच तफावत गेली. मॉरिशसला मुंबईहून थेट विमान, सहा-साडेसहा तास. भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसा आधी काढावा लागत नाही, पासपोर्ट मात्र सहाही जणांचे हवेत आणि धाकट्याचा अजून काढलेला नाही. तिथे २०२४ पासून यूपीआय चालू झालं आहे, तरी बाजारात नोटाच न्या. अंदमानला ओळखपत्र पुरतं. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल टाकल्यापासून नेट सुधारलंय, पण छोट्या बेटांवर भरवसा नको.

हवा उलटी आहे, हे विसरू नका. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली. डिसेंबर म्हणजे तिथला उन्हाळा, दमट, आणि नाताळ-नववर्षाला हॉटेलं सर्वांत महाग. चक्रीवादळं मुख्यतः जानेवारी ते मार्च. मे ते ऑक्टोबर सुखाचे, फक्त तेव्हा पूर्व किनाऱ्यावर वारा झोडपतो, मुक्काम पश्चिमेला करावा. अंदमानचे जानेवारी ते मार्च सर्वांत चांगले. डिसेंबरही चालतो, मात्र बंगालच्या उपसागरात वादळ उठलं तर बोटी बंद.

मग काय ठरवायचं

पोरांचं वय आणि दादाचा गुडघा बघितला, तर कागदावर मॉरिशस. नवविवाहित असाल, समुद्रात डोकं घालायचं असेल, पहाटे उठायची तयारी असेल, तर अंदमान. थोडक्यात, पाण्यासाठी अंदमान आणि माणसांसाठी मॉरिशस. आणि मॉरिशसला जायचंच तर गणपतीच्या दिवसांत जावं, हवाही बरी असते आणि झाकरीही बघायला मिळते. डिसेंबरात दुप्पट पैसे मोजून घाम गाळायला जाऊ नये.

एवढं सगळं सांगितल्यावर भाची म्हणाली, थांब, बाबांनाच देते. दादाला मी जेलच्या जिन्याची पुन्हा आठवण करून दिली. तो म्हणाला, "अगं, ते दहा वर्षं होते तिथे. मला एकदाच चढायचंय ना?"

मग मी जावयाला बोटींची तिकिटं आजच काढायला सांगितली. सकाळच्या बोटींची, खालच्या डेकवरची, मधल्या ओळीतली. तिथे हलतं कमी. पोर्ट ब्लेअर तीन रात्री, नील दोन, हॅवलॉक एक, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. बाराटांग कापलंय. धाकट्याच्या पासपोर्टचा अर्जही भरून टाका म्हटलं, पुढच्या गणपतीला लागेल.